टागोरनगरच्या गॅरेजवाल्या दादांना

दादा,

निघताना तुम्ही म्हणालात, "आभार कसले ताई, पैसे घेतले ना." घेतलेत खरे. १,४५० रुपये. त्यातले निम्मे तर ऑइल, प्लग आणि पेट्रोलच्या नळीतच गेले असतील. पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते तुमच्या चिठ्ठीवर कुठेच नव्हतं. तोंडावर बोलले असते तर रडले असते आणि तुम्हाला उगाच अवघड झालं असतं, म्हणून लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्ही नको म्हणालात.

ती गाडी म्हणजे बाबांची १९९९ची स्प्लेंडर. ९७.२ सीसी, काळी, टाकीवर लाल पट्टे. बाबा महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. म्हणजे कुठल्या गल्लीचं पाणी किती वाजता सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, ते रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून करणारा माणूस. ती लांबलचक टी आकाराची लोखंडी चावी गाडीला आडवी बांधून ते अंधारातच निघायचे. कन्नमवारनगरात आमच्या बिल्डिंगखाली स्प्लेंडर सुरू झाली की आई उठून पिंपाचं झाकण काढायची. गाडी वाजली म्हणजे थोड्या वेळात पाणी येणार, हे आमच्या घरातलं घड्याळ.

२०१९मध्ये बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. फिजिओथेरपीने पाय बराच सुधारला, आता ओढत का होईना चालतात. गाडी मात्र जिन्याखाली लावली ती लावलीच. ऐंशीच्या दशकात हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा 'फिल इट, शट इट, फरगेट इट' अशी तिची जाहिरात होती. स्प्लेंडर तिचीच धाकटी बहीण. आम्ही त्या जाहिरातीतलं शेवटचं वाक्य फारच मनावर घेतलं. सहा वर्षं विसरलो. इकडे खाडीची हवा, त्यामुळे सायलेन्सर तर पापुद्रे सुटल्यासारखा झाला होता.

मग सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि जिन्याखालचं सगळं महिन्याभरात हलवा अशी नोटीस लागली. बाबांनी नोटीस वाचली आणि दोन दिवस जेवण नीट घेतलं नाही. बोलले काहीच नाहीत.

तुमच्याआधी दोघांना दाखवली होती, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. पहिलं एक चकचकीत सर्व्हिस सेंटर. फोटो दाखवले तर काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, घरातल्या जेन्ट्सना पाठवा." घरातले जेन्ट्स माझ्या शेजारीच काठी धरून उभे होते. त्यांच्याकडे न बघताच तो पुढे म्हणाला, "भंगारात टाका, चार हजार येतील." दुसरा घरी आला. आला तो थेट किकवर. धाड धाड धाड, तीस-चाळीस किका मारल्या असतील. मग प्लग काढून आत पेट्रोल ओतलं, पुन्हा किका. शेवटी घाम पुसत म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, बोअर करावं लागेल, बारा हजार. चेकिंगचे आठशे तेवढे घेऊन गेला. बाबा खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. प्रत्येक किकेला त्यांचा डावा हात खुर्चीची कड आवळायचा.

तुम्ही आलात आणि किकला हातसुद्धा लावला नाहीत. आधी बाबांसमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "काका, शेवटची चालवली तेव्हा धूर मारत होती का?" बाबांना 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो ते तुम्ही पाहिलंत. मी त्यांच्या वतीने बोलायला तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत, म्हणून मी गप्प बसले. बाबांचा शब्द बाबांनीच पुरा केला. आमच्या घरात हे फारसं होत नाही, दादा. आम्ही सगळेच घाईत असतो.

मग तुम्ही प्लग काढून त्या भोकात ऑइलचे थोडे थेंब सोडलेत आणि म्हणालात, आता दोन रात्री हिला हात लावायचा नाही. का, ते मला नीट समजावलंत. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळत राहतं, पण हिच्यासारख्या फोर-स्ट्रोकचं ऑइल खाली पडून असतं, इंजिन फिरल्याशिवाय वर चढत नाही. सहा वर्षांत वरचं सगळं कोरडं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्यासुद्धा असतील. अशात दणादण किका मारल्या की रिंगा सिलिंडर खरवडतात. आणि वरून पेट्रोल ओतलं की असलं-नसलं ऑइलही धुऊन जातं. तेव्हा मला कळलं, आठशे रुपये देऊन आपण काय करून घेत होतो. आणि बाबांची मूठ का आवळत होती, तेही.

तिसऱ्या दिवशीचं सगळं लिहीत नाही, तुमचंच काम तुम्हाला काय सांगायचं. टाकीतून निघालेलं पेट्रोल मात्र विसरणार नाही. कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि वास जुन्या वार्निशचा. कार्बोरेटरचा तो बारका जेट उजेडाकडे धरून तुम्ही एक डोळा मिटून बघत होतात, आणि शेजारी बाबाही आपला एक डोळा मिटून बसले होते.

सातव्या की आठव्या किकला लागली. निळसर धूर निघाला, तुम्ही म्हणालात आपणच घातलेलं ऑइल जळतंय, जाईल. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आईने डोकं काढलं आणि विचारलं, "पाणी आलं का?" मग स्वतःच हसली. मग आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

इथे तुमचं काम संपलं होतं. पैसे घेऊन तुम्ही गेला असतात तरी मी तुम्हाला देवमाणूस म्हटलं असतं. तुम्ही गाडी थोडी तापू दिलीत, बंद केलीत, मोठ्या स्टँडवर नीट बसवलीत आणि बाबांना म्हणालात, "काका, बघा बरं एकदा."

माझ्या पोटात गोळा आला. बाबा उठले, डाव्या हाताने हँडल धरलं, उजवा पाय कसाबसा किकवर ठेवला. पाय घसरला. किक अर्धीच गेली. खाली सहा-सात माणसं जमली होती, कुणी काही बोललं नाही आणि ते न बोलणंच जास्त लागत होतं.

तेवढ्यात तुम्ही कपाळावर हात मारलात. "अहो थांबा थांबा काका, चूक माझी! पेट्रोलच बंद राहिलं." पलीकडे जाऊन तुम्ही पेट्रोलचा कॉक कटकट फिरवलात. मी त्याच बाजूला उभी होते, दादा. कॉक आधीच खाली होता. चालू होता. तुम्ही तो बंद करून पुन्हा चालू केलात. मग इकडे येऊन फडक्याने किक पुसण्याचं निमित्त केलंत, आणि पुसता पुसता हाताने ती सावकाश दाबत नेलीत, अडली तिथून जरा पुढे सरकवलीत आणि सोडून दिलीत. म्हणजे कॉम्प्रेशनचा जोर निघून गेला आणि पुढची किक हलकी झाली. मग उठून म्हणालात, "हां, आता."

लागली. बाबांच्या त्याच पायाने.

माणुसकी वगैरे मोठे शब्द आपल्याकडे फलकांवर असतात, वाढदिवसाच्या बॅनरखाली. मी ती पाहिली ती काळ्या पडलेल्या फडक्याखाली, तीसुद्धा लपवलेली. चारचौघांत दुसऱ्याची फजिती स्वतःच्या अंगावर घ्यायची, तीही आपल्याच धंद्यातली चूक म्हणून, सोपं नाही हे. मी ऑफिसात अठरा वर्षं आहे. तिथे स्वतःची चूकसुद्धा कुणी स्वतःची म्हणत नाही.

गाडीचे कागद २०१९ पासून अडकलेत, त्यामुळे रस्त्यावर काढलेली नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर रविवारी दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवतो. पुनर्विकास होईपर्यंत तिला मावशीच्या चाळीत जागा मिळाली आहे.

आता एक कबुली. त्या रात्री बाबांना गोळ्या देताना ते म्हणाले, "कॉक... चालू होता." मी म्हटलं, नाही हो बाबा, बंद राहिला होता, ते म्हणाले ना. बाबांनी मान हलवली. नीट समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश काढत म्हणाले, बंद असता तरी कार्बोरेटरच्या कटोरीत पेट्रोल असतंच, तेवढ्यावर एक किक लागते. नळ बंद केला तरी पाइपातलं पाणी येतंच की थोडा वेळ.

एकतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला तुम्ही कॉकची थाप मारलीत, दादा.

पांघरूण ओढून घेताना म्हणाले, "त्याला सांगू नको. मला कळलं म्हणून."

बाबांचा फोन बटणांचा आहे, ते हे वाचणार नाहीत. तुम्हीही बोलू नका.

तुमची,
कन्नमवारनगरची ताई