पत्रावळी उचलायच्या कोणी?

संपादक महोदय,

पालख्यांचा पुण्यातला मुक्काम हलला की अन्नदानाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. त्याच रस्त्याचे पहाटेचे छायाचित्र मात्र सहसा दिसत नाही. नाना पेठेतले आमचे मंडळ वारकऱ्यांना पोहे आणि केळी वाटते, आणि इतकी वर्षे त्यालाच आम्ही सेवा म्हणत आलो. गेल्या वर्षी पहाटे दूध आणायला बाहेर पडलो, तेव्हा आमच्याच मांडवासमोर पालिकेची एक सफाई कामगार बाई उकिडवी बसून ओल्या डांबराला चिकटलेले कागदी द्रोण नखांनी सोलून काढत होती. ‘‘पाऊस झाला की खराट्यानं निघत नाहीत, काका,’’ एवढेच ती म्हणाली. त्यातले निम्मे द्रोण आमचे असावेत.

गाडगेबाबांची (१८७६-१९५६) रीत आठवली. गावात शिरले की आधी हाती खराटा, दिवसभर रस्ते आणि गटारे साफ करायची, आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. ज्या गाडग्यावरून त्यांना हे नाव पडले, त्यातच ते मिळालेली भाकरी खात, त्यामुळे मागे पत्रावळ उरण्याचा प्रश्नच नव्हता. राज्य सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यातला ‘ग्राम’ हा शब्द वाचून आम्ही शहरवासीयांनी बहुधा स्वतःला मोकळे करून घेतले!

पुष्कळ वारकरी ताटली आणि तांब्या पिशवीत घेऊनच चालतात, त्यांच्या हाती कागदी द्रोण देतो ते आपण. म्हणून मांडवाची परवानगी देताना पालिकेने मंडळांकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते: वाढप कशात होणार, आणि शेवटची दिंडी गेल्यावर झाडायला कोण थांबणार.

आमच्या मंडळाने यंदा स्टीलच्या ताटल्या भाड्याने आणायचे ठरवले आहे. ठराव लगेच मंजूर झाला, पण घासणार कोण यावर बैठक तासभर अडली. शेवटी पालखीच्या आरतीचा मान मागणाऱ्या अकरा जणांची यादी पुढे आली आणि त्याच क्रमाने घासण्याच्या पाळ्या लावल्या. दोघांनी आरतीतून नाव मागे घेतले आहे.

आपला,
एक वाचक, नाना पेठ, पुणे