थँक्यू डॉक्टर, काट्या उठला!

डॉक्टर, नमस्कार,

काट्या, म्हणजे माझा पाळलेला बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा, काल पोटभर जेवला. शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा आणि कॅल्शियम पावडर लावलेले दोन-तीन किडे, सगळं साफ. फोनवर सांगितलंच तुम्हाला, पण नुसत्या फोनवर थँक्यू म्हणून माझं समाधान होईना म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आणि आपल्या वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात अजून कोणी बिअर्डेड ड्रॅगन पाळला असेल तर त्यालाही उपयोग होईल.

तुम्ही गाई-म्हशींचे डॉक्टर, दिवसभर गावोगाव फिरणारे. मी टोपलीत सरडा घेऊन दारात आले तर तुम्ही हसला नाहीत की हाकलला नाहीत, "हा प्राणी मी फारसा बघितलेला नाही, संध्याकाळपर्यंत वेळ द्या, विचारून सांगतो" म्हणालात आणि खरंच रात्री फोन केलात, असले प्राणी बघणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून. ते मी विसरणार नाही.

मार्गशीर्ष संपता संपता याने खाणं सोडलं आणि लाकडाखाली शिरला तो शिमगा तोंडावर आला तरी बाहेर नाही, मधे कधीतरी डोळा किलकिला करायचा की परत झोप. सासूबाई रोज विचारायच्या, "सरडो मेलो काय गो?" आणि मला काय बोलावं सुचायचं नाही. तुम्ही समजावलंत की हे ब्रूमेशन, म्हणजे अशा प्राण्यांची थंडीतली लांब झोप. हे प्राणी बाहेरच्या उबेवर जगतात, मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातले, दिवस लहान झाला आणि गारवा आला की अंगातलं सगळं काम मंद होतं. वेंगुर्ल्याची थंडी ती काय, पण याला तेवढी पुरली.

सगळ्यात मोठं काम म्हणजे तुम्ही आम्हाला थांबवलंत. घरात प्रत्येकजण म्हणत होता तोंड उघडून भरवा काहीतरी. तुम्ही म्हणालात अजिबात नाही, अंग थंड असताना अन्न पचत नाही, पोटातच सडतं, आधी ऊब, मग पाणी, खाणं शेवटी. दिव्याखालचा दगड ४० डिग्रीच्या आसपास, टाकीचं दुसरं टोक २५-२७, आणि उजेडाचे तास एकदम नाही तर हळूहळू १२ पर्यंत. लाईट गेली की दिवा बंद, म्हणून लाईटचा भरवसा नसेल त्या दिवशी खाणं द्यायचं नाही हेसुद्धा तुम्हीच सुचवलंत, आमच्याकडची लाईट तुम्हाला माहीतच आहे!

मग ते कोमट पाणी. पसरट ताटलीत खांद्याच्या खालपर्यंतच, तोंड बुडणार नाही इतकं. मी बोटाने नाकाच्या टोकावर एक थेंब सोडला, बराच वेळ काही नाही, मग गुलाबी जीभ बाहेर आली, थेंब चाटला, परत आली, आणि मग त्याने स्वतःच मान खाली घातली आणि घशाची कातडी वरखाली होताना दिसायला लागली. सासूबाई "पाणी पिता, पाणी पिता" करत सगळ्यांना बोलवायला धावल्या.

वजन तुम्ही सांगितलंत तसं मसाल्याच्या काट्यावर केलं, झोपायच्या आधी ४१२ ग्रॅम होतं, उठला तेव्हा ३९०. दहा टक्क्यांच्या आत आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. आपल्या दमट हवेत याच्या छातीला धोका असतो म्हणून नाकाशी चिकट काही येतंय का, थंड बाजूला बसूनही तोंड उघडं ठेवतोय का, हे अजून रोज बघते. दिव्याखाली आ करून बसला तर घाबरायचं नाही, ते जास्तीची उष्णता टाकतात तेव्हा तसं करतात. युव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारी टाकीतली ट्यूब, ती पण बदलली. ती पेटलेली दिसते पण सहा ते बारा महिन्यांत तिचा उपयोग संपत जातो, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात युव्हीबी जवळजवळ नसतंच.

आणि काजवे! पावसाच्या तोंडावर आपल्याकडे झाडं लखलखतात, खिडकीतून एखादा आत आला आणि याने गिळला तर एकच काजवा जीव घेऊ शकतो हे मला स्वप्नातही आलं नसतं. खिडकीला बारीक जाळी मारून घेतलीय.

तुम्ही फी घेतली नाहीत ते मात्र चालायचं नाही. आंबे उतरले की पेटी घेऊन येते, आणि दिवाळीनंतर काट्याची शी तपासायला आणणार आहे, जंत असतील तर पुढच्या झोपेआधीच कळायला हवं, तेव्हा पैसे घ्यावेच लागतील.

तुमची,
काट्याची आई