इंजिने बंद पडलेले विमान दगडासारखे कोसळत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत इंजिने बंद पडूनही सुखरूप उतरलेल्या विमानांवर लेख आहे. विषय चांगला निवडलात, पण इंजिने थांबली की विमान ‘दगडासारखे खाली येते’ असे त्यात दोनदा लिहिले आहे आणि ‘चमत्कार’ हा शब्द तर चार वेळा आला आहे. हे साफ चूक आहे. उलव्याच्या बाजूला विमानतळ असलेल्या नवी मुंबईच्या वाचकांना तरी असे घाबरवू नका.

पंखांना उचल मिळते ती वेगामुळे. इंजिने तो वेग टिकवतात, एवढेच. ती थांबली की वैमानिक नाक किंचित खाली करतो आणि उंची खर्च करून वेग राखतो. मोठे प्रवासी विमान एक किलोमीटर उंची गमावताना साधारण पंधरा किलोमीटर पुढे जाते. म्हणजे ठाण्यावर ३५,००० फुटांवर इंजिने थांबली, तर वारा फार विरोधात नसल्यास ते नाशिकजवळच्या ओझरपर्यंतही जाऊ शकते. रोजची विमानेही खाली येताना बराच वेळ इंजिने मंद ठेवूनच येतात, प्रवाशांना ते कळतही नाही.

खरा राग आहे तो २३ जुलै १९८३ च्या, कॅनडातल्या गिमलीच्या घटनेबद्दल. तिथे हवेतच इंधन संपलेले विमान उतरले होते. लेखात तिला दोन ओळी, आणि कारण काय, तर ‘इंधनाचा काटा बिघडला’. काटा बिघडला होता हे खरे, पण इंधन संपले ते चुकीच्या गुणाकारामुळे.

एअर कॅनडाच्या त्या बोइंग ७६७ मध्ये इंधन मोजणाऱ्या यंत्रणेचे दोन चॅनेल होते. एकात दोष होता. त्याचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला की दुसरा चालायचा. माँट्रियलला तपासणी करताना तो ब्रेकर परत दाबला गेला, काम मध्येच थांबले आणि तो तसाच राहिला. सगळे काटे कोरे. अशा अवस्थेत उड्डाणाला परवानगीच नसते. तरीही टाकीखालच्या मोजपट्टीने इंधन मोजून विमान सोडायचे ठरले. टाक्यांत निघाले ७,६८२ लिटर, प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला साधारण ०.८ ने गुणायचे. पण वापरला गेला बाकीच्या विमानांसाठी चालणारा १.७७ हा आकडा, आणि तो एका लिटरचे पौंड सांगतो. उत्तर आले १३,५९७. ते होते पौंड, धरले किलो. वजाबाकी करून, पुन्हा १.७७ ने भागून ४,९१६ लिटर भरले. भरायला हवे होते २०,०८८. वाटेत ओटावाला थांबल्यावर पुन्हा मोजले, तेव्हाही तोच आकडा वापरला. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधनावर विमान ४१,००० फुटांवर पोचले.

इंधन संपून दोन्ही इंजिने गेल्यावर वैमानिकांसमोरचे बहुतेक पडदे काळे झाले. पोटातून बाहेर येणारी छोटी पवनचक्की फिरू लागली आणि तिने दिलेल्या तेलाच्या (हायड्रॉलिक) दाबावर नियंत्रणे चालली. वेग कमी झाला की तिची ताकदही कमी होते, त्यामुळे उतरताना नियंत्रणे जड होत गेली. सहवैमानिक मॉरिस किंटल यांनी रडारवरच्या अंतरावरून हिशोब मांडला: दहा सागरी मैलांत पाच हजार फूट जातात, विनिपेगचा विमानतळ गाठता येणार नाही. गिमलीचा जुना हवाई तळ त्यांना माहीत होता, कारण ते तिथे नोकरीला होते. तिथे पोचताना उंची जास्त निघाली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर चालवणारे. त्यांनी एलेरॉन (पंखांवरच्या झडपा) एका बाजूला, रडर (शेपटीचे सुकाणू) दुसऱ्या बाजूला देऊन विमान आडवे घसरवत उंची मारली. चाके स्वतःच्या वजनाने खाली सोडली. मुख्य चाके पक्की बसली, नाकाचे चाक मात्र समोरून येणाऱ्या वाऱ्याने अडवले. ते दुमडले, नाक घासत गेले, आणि त्या घासण्यानेच विमान त्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतीला जमलेल्या लोकांच्या अलीकडे थांबले. ६९ जण वाचले. शेपूट वर राहिल्याने बाहेर पडायच्या मागच्या घसरगुंड्या जवळजवळ उभ्या झाल्या आणि काहींना तिथे इजा झाली. यातला एकही तपशील लेखात नाही.

‘चमत्कार’ म्हटले की दोन गोष्टी पुसल्या जातात: कुणाचे कसब आणि कुणाची चूक. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचे ए३३० इंजिनांशिवाय सुमारे १२० किलोमीटर येऊन अझोर्स बेटांवर उतरले, त्याचे तुम्ही कौतुक केलेत. पण इंजिन बदलताना न जुळणारे भाग बसवल्याने इंधनाची नळी हायड्रॉलिक नळीला घासून फाटली होती, आणि वैमानिकांनी चेकलिस्ट न वाचता क्रॉसफीड (दोन बाजूंच्या टाक्या जोडणारी झडप) उघडल्याने चांगल्या बाजूचे इंधनही त्या गळतीत गेले. हे का वगळले?

उंची नसेल तर मात्र हे सगळे गणित संपते. अहमदाबादला जून २०२५ मध्ये कोसळलेले एअर इंडियाचे विमान जेमतेम काहीशे फुटांवर होते. न्यूयॉर्कला १५ जानेवारी २००९ रोजी २,८०० फुटांवर कॅनडा गीज पक्षी दोन्ही इंजिनांत शिरले, तेव्हा हडसन नदीपुरतीच उंची हातात होती. त्यातही कॅप्टन सलेनबर्गर यांनी चेकलिस्टमधली पाळी येण्याआधीच शेपटीतले सहायक इंजिन सुरू केले, म्हणून वीज आणि नियंत्रणे शाबूत राहिली.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचेही लिहितो. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला नियमाने मनाई आहे. तरी खाडीकडेच्या रस्त्यांवर कोंबडीची आतडी-पिसे भरलेली पोती पडलेली असतात आणि सकाळी त्यांवर घारी गोल फिरत असतात. घार गरम हवेवर चढत थेट उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत जाते. कळवूनही पोती उचलली जातात चार-चार दिवसांनी. आपल्या वार्ताहराने एक सकाळ तिथे काढावी, फोटोसह छापावे.

आणि गिमलीच्या कारणाची दुरुस्ती, आकड्यांसह, पुढच्या पुरवणीत त्याच पानावर द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक
ऐरोली, नवी मुंबई