उघड्या पिंपांना जाळी हवी : सोलापूरकरांना आवाहन

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपे, बॅरल आणि हौद भरलेले असतात. उन्हाळ्यात चिमण्या, साळुंक्या, बुलबुल तिथेच पाणी शोधतात. काठोकाठ भरलेले पिंप त्यांना फारसे धोक्याचे नाही. धोका तिसऱ्या दिवशी, पाणी अर्ध्यावर गेल्यावर. चिमणी काठावरून वाकते, गुळगुळीत प्लास्टिकवर तिच्या नख्यांना पकड मिळत नाही आणि ती आत घसरते. पंख भिजल्यावर सरळ वर उडणे तिला जमत नाही.

झाकण असेल तर ते लावा, एवढेच पुरे. झाकण हरवलेल्या पिंपांसाठी आम्ही जाळ्या शिवून वस्तीत वाटणार आहोत, आणि त्यासाठी तुमची मदत हवी आहे. पैशांपेक्षा वस्तू द्या : जुन्या मच्छरदाण्या, पंक्चरच्या दुकानात पडलेल्या सायकलच्या ट्यूब, सुतारकामातल्या फळ्यांचे तुकडे. शिलाई मशीनवर तासभर बसणारे हातही हवेत.

दोनशे लिटरच्या एका पिंपाला तीन फूट बाय तीन फूट जाळी लागते. कडा दुमडून शिवाव्यात, नाहीतर धागे सुटतात. ट्यूब वॉल्व्हजवळ कापून उभी चिरली की लांब पट्ट्या मिळतात. त्यातली एक काठाखाली ताणून गाठ मारायची. जाळी ढोलकीसारखी ताठ बसली पाहिजे. सैल जाळी पाण्यात लोंबते आणि पक्षी तिच्यावरच अडकून बुडतो, म्हणजे नसलेली बरी. मच्छरदाणीचीच जाळी वापरा. क्रिकेटच्या किंवा मासेमारीच्या मोठ्या भोकांत पाय गुंततात.

हौदासाठी फळी, पडलेल्या पक्ष्याला चढून बसायला. फूटभर लांब, सहा इंच रुंद, रंग न दिलेली, कारण रंगावर पाय घसरतो. दोरीने काठाला बांधून तरंगत सोडा. दोरी हौदाच्या तळापर्यंत पोहोचेल इतकी लांब ठेवा, नाहीतर पाणी उतरल्यावर फळी अधांतरी लटकते. थर्मोकोल नको, त्याचे दाणे सुटून पाण्यात जातात.

पाण्याची सोय वेगळी करायची असेल तर मातीचे परळ ठेवा. दीड इंचाहून जास्त पाणी नको, मध्ये एक खडबडीत दगड, आणि जागा सावलीची. स्टीलचे किंवा प्लास्टिकचे भांडे आपल्या मे महिन्यात हात लावू देत नाही. पाणी रोज बदला आणि कडा ब्रशने घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात. नुसते ओतून दिल्याने ती जात नाहीत. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून चार-पाच फूट लांब ठेवा. शेजारी मूठभर ज्वारीची कणी चालेल, शिळा भात नको. उन्हात तो लवकर आंबतो.

पूर्व भागातल्या कारखानदारांना वेगळी विनंती. यंत्रमागाखालचे सुताचे तुकडे उघड्यावर टाकू नका, पोत्यात भरून तोंड बांधा. चिमण्या तो धागा घरट्यात नेतात आणि पिलाच्या पायाला फास बसतो. पिलू वाढते, पॉलिस्टरचा धागा तुटत नाही, पाय सुकून गळतो. काही पिले उडायच्या दिवशी घरट्यालाच लटकतात. धागा ओढून सोडवू नका, कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा. झाडावर अडकलेल्या मांजाचेही तसेच. विजेच्या तारांवरचा मात्र महावितरणला कळवा, बांबू घेऊन स्वतः चढू नका.

पाण्यातून काढलेला पक्षी कोरड्या फडक्याने हलके टिपून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. हौसेने पाणी पाजल्यामुळेच वाचलेले पक्षीही मरतात. दोन तासांनी झाडाजवळ खोके उघडा. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. बरा झाला तरी रानपक्षी पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

जाळ्या, ट्यूब आणि फळ्या आमच्या गल्लीतल्या कार्यकर्त्यांकडे द्या. आणताना मच्छरदाणी धुतलेली असावी, आणि कीटकनाशक लावलेली असेल तर देऊच नका. ती पिण्याच्या पाण्यावर बसणार आहे.