पोरांच्या योजनांसाठी तालुक्यात एक टेबल तरी द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली मराठी माणसं. माझा पुतण्या आयटीआय फिटर पास झाला. घरात बसून मोबाईल बघत बसण्यापेक्षा सरकारचं काहीतरी ट्रेनिंग असतंय ते बघूया म्हटलं, आणि त्या बघण्यात आमचे चार दिवस गेले. एका ऑफिसात म्हणाले हे आमच्याकडं नाही कौशल्य खात्याकडं जावा, तिथं गेलो तर म्हणाले बँकेच्या ट्रेनिंग सेंटरला विचारा, तिथल्या मॅडम बोलायला चांगल्या होत्या पण बॅच परवाच सुरू झाली म्हणाल्या, नोटीस लावली होती की हो! लावली होती, खोटं कशाला बोलू. जिन्याखाली, झेरॉक्सच्या बोर्डामागं, नुसती कन्नडमध्ये. पुतण्याला कन्नड वाचता येतं, पण कागदपत्रांची पिशवी सांभाळते त्याची आई, तिला कुठं येतंय. १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या असं ठरलेलं आहे ना?

योजना नाहीत असं मी म्हणतच नाही. युवा सबलीकरण आणि क्रीडा खातं आहे, कौशल्य विकास खातं वेगळं, युवा निधी हा राज्य सरकारचा बेरोजगार भत्ता आहे (पदवीवाल्याला महिना ३००० आणि डिप्लोमावाल्याला १५००, आयटीआयवाला त्यात बसतच नाही), बँकांची राहून-जेवून फुकट ट्रेनिंगची सेंटरं आहेत, वर केंद्राचं नेहरू युवा केंद्र, ज्याचं आता मेरा युवा भारत झालंय. पण ह्याचं त्याला माहीत नाही आणि त्याचं ह्याला.

म्हणून म्हणतो, ह्या सगळ्यांना एकत्र बांधणारं एक युवा समन्वय कार्यालय करा. नवीन बिल्डिंग नको. बिल्डिंगचं म्हणाल तर २०१२ पासून बेळगावात सुवर्णसौध, म्हणजे विधिमंडळाची इमारत, उभी आहेच आणि अधिवेशन सोडलं तर तिथं किती गडबड असते ते बेळगावकरांना सांगायला नको. पण तिथंही नको, कणकुंबीसारख्या लांबच्या गावच्या पोरानं एका सहीसाठी अख्खा दिवस का घालवायचा? खानापूर, निपाणी, चिक्कोडी जिथं तिथं तालुक्यातच एक खोली, एक माणूस, एक फोन, आणि सगळ्या खात्यांच्या बॅचच्या तारखा एकाच बोर्डावर, कन्नड आणि मराठी दोन्हीत. त्या माणसाला बाकीच्या खात्यांकडून तारखा मागून घ्यायचा अधिकार मात्र पाहिजे, नाहीतर तो पण "तिकडं विचारा" म्हणायला मोकळा.

आणि गावोगावच्या युवक मंडळांना त्यात घ्या. वैशाखातल्या शिवजयंतीला हीच पोरं रात्रभर चित्ररथ चालवतात, ट्रॅक्टर, जनरेटर, लाईट, कलाकार, सगळं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जुळवतात, एक फाईल लागत नाही. बॅचची तारीख त्या ग्रुपवर टाकली तर तासाभरात अख्ख्या गावाला कळेल.

पुतण्या आता गोव्यात वेर्ण्याला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. पुढची बॅच कधी आहे म्हणून परवा फोनवर विचारत होता, मी अजून त्या जिन्याखाली जाऊन बघितलेलं नाही.

एक वाचक, खानापूर तालुका