क्राफ्ट बिअर मागवण्याआधी बारमधला फळा वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या सोलापूरकर मुलामुलींचे शनिवार-रविवारचे एक ठरलेले ठिकाण म्हणजे बाणेर, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा भागातले क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या प्रमाणावर बनवलेल्या बिअरचे बार. त्यांना भेटायला गेलेले मामा-काकाही आता तिथे जाऊन बसतात. आपल्याकडे मात्र या बारविषयी दोनच मते ऐकू येतात. एक, ‘संत्र्या-केळ्याच्या वासाची बिअर ती, तिने काय होतंय?’ आणि दुसरे, ‘गुत्ताच तो, फक्त महागडा.’ दोन्ही चुकीची आहेत, पण पहिले धोक्याचे आहे. म्हणून या बारमध्ये जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असे थोडे लिहीत आहे.

देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक म्हणजे ‘डूलाली’. ती २००९ साली पुण्यातच सुरू झाली. मायक्रोब्रुअरीत बिअर तिथल्या तिथेच तयार होते. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात त्या शोभेच्या नसतात. टॅपरूममध्ये बिअर दुसरीकडे बनते आणि स्टीलच्या पिंपातून, म्हणजे केगमधून येते. दोन्ही ठिकाणची बिअर बहुतेक वेळा गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली नसते. तिच्यात यीस्ट जिवंत असते, म्हणून ती थोडी गढूळ दिसते आणि सतत थंड ठेवावी लागते. बाटलीतल्या बिअरसारखी महिनोन् महिने टिकत नाही.

आत गेल्यावर भिंतीवर फळा किंवा टीव्हीचा पडदा असतो. त्यावर आठ-दहा नावे, प्रत्येकापुढे अल्कोहोलचे टक्के आणि ग्लासाचे मिली लिहिलेले असतात. नावे कितीही गमतीशीर असोत, आधी हे दोन आकडे वाचावेत. मिली गुणिले टक्के भागिले शंभर केले की शुद्ध अल्कोहोलचे मिली मिळतात, आणि त्याला ०.८ ने गुणले की साधारण ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलीचा ग्लास म्हणजे सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल. तीच ५०० मिली घेतली तर २० ग्रॅम, म्हणजे व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका पेगइतके. ७ टक्क्यांची आयपीए (इंडिया पेल एल, ही कडू बिअर) ५०० मिली घेतली तर २८ ग्रॅम. आणि आपल्याकडे जिला सर्रास ‘एक बिअर’ म्हणतात ती ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्रॉंग बाटली जवळपास ४२ ग्रॅमची असते. हा हिशेब डोक्यात असला की ‘हलकी आहे हो’ या बोलण्याला फसायला होत नाही. निरोगी माणसाचे शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. म्हणजे ५ टक्क्यांच्या एका मोठ्या ग्लासाला दोन ते तीन तास, आणि दोन ग्लासांना चार ते सहा तास. ज्या फळ्यावर टक्के लिहिलेलेच नाहीत तिथे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तिथे मागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नवख्याने सुरुवात गव्हाच्या बिअरने करावी. जर्मन पद्धतीच्या हेफवायझनमध्ये निम्म्याहून अधिक गव्हाचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य असते. तिला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, त्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. आयपीए कडू असते, कारण तिच्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले भरपूर असतात. आपल्या देशात हॉप्स हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडे पिकतात, बाकी परदेशातून येतात. स्टाउट काळी दिसते म्हणून कडक असेल असे समजू नये. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा असतो, आणि पुष्कळ स्टाउट साडेचार-पाच टक्क्यांच्याच असतात. पिवळीधमक, गोडसर दिसणारी बेल्जियन ट्रिपेल मात्र ८-९ टक्क्यांपर्यंत जाते. रंगावरून जोर ठरवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

पूर्ण ग्लास मागवण्याआधी चाखायला थोडी मागितली तर बरेच बार एक-दोन घोट देतात. चार-सहा छोट्या ग्लासांचा ट्रे हवा असेल तर त्याचे पैसे पडतात. ट्रे आला की हलकीपासून कडू आणि जोरदारकडे जावे. आयपीए आधी प्यायली तर तिचा कडूपणा जिभेवर बसतो आणि पुढच्या गव्हाच्या बिअरची चव कळत नाही. ट्रेमधल्या छोट्या ग्लासांचीही बेरीज करावी. १०० मिलीचे सहा म्हणजे ६०० मिली होतात.

आता बिअर चांगली आहे की बिघडलेली, हे कसे ओळखायचे? इथे नवखे ग्राहक गप्प बसतात आणि ‘क्राफ्ट म्हणजे अशीच असेल’ म्हणून वाईट बिअर संपवतात. पहिले लक्षण ग्लासातच दिसते. काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासाला तेलकटपणा किंवा साबण राहिला आहे. अशा ग्लासात फेस लगेच बसतो. स्वच्छ ग्लासात फेस दोन बोटे उभा राहतो आणि पिताना प्रत्येक घोटागणिक काचेवर जाळीदार कडे सोडतो. फेस अजिबात नको असा हट्ट आपल्याकडे असतो, तो सोडावा. फेसामुळे वास वर येतो आणि पोटात जाणारा गॅस कमी होतो. माप मात्र तपासावे. ग्लासावर मापाची रेघ असली तर बिअर रेघेपर्यंत आणि फेस त्याच्या वर हवा. निम्मा ग्लास फेसच आला तर त्याची कारणे ठरलेली असतात. केग पुरेसा थंड नाही, गॅसचा दाब बिघडला आहे किंवा ओतणाऱ्याने नळ अर्धवट उघडला. नळ एकदम पूर्ण उघडायचा, ग्लास ४५ अंशांत तिरपा धरायचा आणि दोन-तृतीयांश भरत आला की सरळ करायचा, ही ओतण्याची रीत.

दुसरी परीक्षा नाकाची. लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर बिअर पूर्ण पिकण्याआधी काढली आहे, किंवा केगपासून नळापर्यंतच्या नळ्या घाण आहेत. हिरव्या सफरचंदाचा वासही कोवळ्या बिअरचाच. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बिअरला हवा लागली आहे किंवा ती जुनी झाली आहे. उकडलेल्या मक्याचा वास उकळी कमी पडल्याचे सांगतो. आंबट बिअर मागवलेली नसताना व्हिनेगरसारखा आंबटपणा आला, तर नळ्यांत किंवा नळाच्या तोंडाशी जिवाणू बसले आहेत. लवंगेचा वास गव्हाच्या बिअरला शोभतो, पण लागर बिअरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिकट पिवळ्या बिअरला आला तर जंगली यीस्ट शिरले असे समजावे. नळ्या दर दोन आठवड्यांनी अल्कलीच्या द्रावणाने धुवाव्या लागतात. ‘शेवटची लाइन कधी धुतली आणि हा केग कधी लावला?’ हा प्रश्न विचारायला लाजू नये. नीट चालवलेल्या बारमध्ये काउंटरवरचा माणूस लगेच सांगतो आणि बिघडलेला ग्लास विनातक्रार बदलून देतो. फक्त एक-दोन घोटांतच सांगावे, अर्धा ग्लास संपवून नव्हे.

चकण्याबद्दल सोलापूरकरांना वेगळे सांगायला हवे, कारण आपले तिखट वेगळे. अल्कोहोलमुळे मिरचीचा जाळ वाढतो आणि हॉप्सचा कडूपणा त्यात भर घालतो. म्हणून शेंगाचटणी, झणझणीत मटण किंवा तिखट चिकनबरोबर आयपीए घेऊ नये, गव्हाची बिअर घ्यावी. मीठ कडूपणा दाबते, म्हणून खारे शेंगदाणे आयपीएला चालतात. स्टाउटबरोबर भाजलेले मांस किंवा चॉकलेटचा गोड पदार्थ उत्तम. उपाशीपोटी मात्र काहीही घेऊ नये. पोटात भाकरी-भात असला की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरते. प्रत्येक ग्लासामागे तेवढेच पाणी प्यावे, आणि साधे पाणी मागितले तर बारने ते विनामूल्य द्यायला हवे.

बिलावर दारूला जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. जीएसटी फक्त खाण्यावर आणि बिनदारूच्या पेयांवर. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितले आहे. नको असेल तर काढायला सांगावे.

कायद्याचा भाग पालकांनी मुलांना समोर बसवून सांगावा. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५ आहे. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथे बिअर देणे बेकायदा आहे, मग सोबत मोठे कोणी असले तरी. वयाचा पुरावा जवळ ठेवावा. दारू पिण्याचा परवानाही आपल्या राज्यात लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. गाडीबद्दल तर तडजोडच नको. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मध्यम बांध्याचा माणूस एका ५०० मिलीच्या ग्लासानेही ही मर्यादा ओलांडू शकतो. दुपारी दोन ग्लास घेऊन संध्याकाळी सोलापूरच्या रस्त्याला लागणारे स्वतःच्याच नव्हे, इंदापूर-टेंभुर्णीच्या दुचाकीस्वारांच्या जिवाशीही खेळतात. रेल्वेने यायचे असले तरी नशेत गाडीत किंवा फलाटावर सापडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४५ नुसार गुन्हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नसल्याचे म्हटले आहे. न पिणाऱ्याला आग्रह करू नये. या बारमध्ये आल्याचा सोडा, कोंबुचा (आंबवलेला चहा), ताजे रस असतात आणि ते घेऊन बसणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही.

‘मग सोलापुरात ज्वारीची बिअर का होत नाही?’ असे तरुण विचारतात. प्रश्न चांगला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या होते. पण अडचणी खऱ्या आहेत. बार्लीच्या माल्टचा लगदा साधारण ६५ अंश सेल्सिअसवर ठेवला की तिची विकरे (एन्झाइम) पिठूळ भागाची (स्टार्चची) साखर करतात. ज्वारीचा पिठूळ भाग फुलायला ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्यात विकरे मरू लागतात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवावी लागते किंवा विकरे बाहेरून घालावी लागतात. शिवाय ज्वारीला बार्लीसारखे टरफल नसते. लगदा गाळताना चिखल होतो, तेव्हा भाताचा तूस मिसळावा लागतो. ज्वारीच्या मोडांत धुरिन हे विषारी सायनाइड सोडणारे द्रव्य असते, त्यामुळे माल्ट वाळवून मोड झाडून काढावेच लागतात. घरी प्रयोग करू नयेत. परवान्याशिवाय बिअर बनवणे गुन्हाही आहे. आणि एक लिटर बिअरमागे छोट्या ब्रुअरीला पाच-सात लिटर पाणी सहज लागते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ब्रुअरीच्या आधी पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे.

तोवर आपल्या परमिट रूमच्या मालकांना एक विनंती. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना बिअरचे खोके टेम्पोतून उतरवून तासन् तास दारात ठेवलेले दिसतात. उन्हाने हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्यांतल्या बिअरला काही मिनिटांतच उग्र वास लागतो, आणि उष्णतेने कोणतीही बिअर झपाट्याने शिळी होते. नंतर फ्रीजमध्ये ठेवून ती चव परत येत नाही. माल आला की थेट सावलीत, शक्य तर थंड खोलीत न्यावा, आणि जिथे ड्राफ्ट (नळाची) बिअर मिळते तिथे फळ्यावर टक्के, मिली आणि केग लावल्याची तारीख लिहावी. ग्राहकांनीही ती तारीख वाचूनच ग्लास मागवावा.

— एक वाचक, सोलापूर