कॅनडात पीआरच्या प्रतीक्षेत माझी नोकरी टिकवणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या पीआरच्या, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या, अर्जावर अनुकूल निर्णय आला आणि त्याआधीच्या संपूर्ण प्रतीक्षेत माझे काम एक दिवसही थांबले नाही, याचे श्रेय आपले आहे. प्रत्यक्ष भेटीत मी आभार मानले होतेच. तरीही हे पत्र सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे, कारण परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार म्हणून आपण मला जे समजावून सांगितले ते कॅनडात वर्क परमिटवर, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या परवान्यावर, असलेल्या अनेकांना वेळेत कोणी सांगत नाही. आपले नाव कोठेही येऊ नये ही आपली अट मी पाळली आहे.

शिक्षणानंतर मिळणारे पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळते, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचे. माझ्या परमिटची मुदत संपत आली तेव्हा एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर आधारित निवड पद्धतीतून केलेला पीआरचा अर्ज विचाराधीन होता. अर्ज एकदा दाखल झाला की निर्णय येईपर्यंत निर्धास्तपणे काम करावे, असा समज आमच्या परिचितांत रूढ आहे. पीआरचा अर्ज आणि काम करण्याचा हक्क या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे आपण पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. हा हक्क टिकवायचा तर हातातील परमिट संपण्यापूर्वी ब्रिजिंग ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे पीआरचा निर्णय येईपर्यंत कोणत्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परमिटसाठी, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी पीआरचा अर्ज करण्याचे एक्स्प्रेस एन्ट्रीचे निमंत्रण पुरेसे नसते. पीआरचा अर्ज परिपूर्ण असल्याची तपासणी व्हावी लागते व तो स्वीकारल्याची पोच जोडावी लागते. शुल्क परमिटचे 155 अधिक ते ओपन असल्याचे 100, असे 255 कॅनेडियन डॉलर. त्याच बैठकीत आपण माझा पासपोर्ट मागून घेऊन त्याची मुदत पाहिली आणि आधी त्याचे नूतनीकरण करण्यास सांगितले, कारण पासपोर्टच्या मुदतीपलीकडचे परमिट दिले जात नाही.

खरी अडचण मात्र त्यानंतर आली. माझा ब्रिजिंग परमिटचा अर्ज वेळेत गेला होता, पण निर्णय येण्यापूर्वीच जुन्या परमिटची तारीख उलटणार होती. आमच्या कार्यालयातील वेतन विभागाच्या दृष्टीने ती तारीख म्हणजे माझ्या नोकरीचा शेवट होता. तात्पुरत्या रहिवाशांचा सिन क्रमांक (नोकरीसाठी लागणारा सामाजिक विमा क्रमांक) 9 या अंकाने सुरू होतो आणि त्याची मुदत परमिटशी जोडलेली असते; त्यामुळे नवे परमिट दाखवल्याशिवाय कामावर येऊ नये, अशी तोंडी सूचना मला मिळाली. त्यांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही, कारण परवानगी नसलेल्या व्यक्तीला कामावर ठेवल्यास कायद्याचा बडगा मालकावरही येतो. अशा वेळी ‘काही होत नाही हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपण तसे म्हटले नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतील नियम 186 चे ‘यू’ हे उपकलम आपण माझ्यासमोर वाचले: मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केला असेल, अर्जदार देशातच राहिला असेल आणि जुन्या परमिटच्या अटी पाळत असेल, तर निर्णय होईपर्यंत त्याला काम करता येते. मग त्या उपकलमाचा मजकूर, अर्जाची पोच आणि शुल्काची पावती जोडून वेतन विभागासाठी एका पानाचे पत्र तयार केले. त्यात विनवणी नव्हती की इशारा नव्हता. फक्त नियम आणि तारखा होत्या. दोन्ही बाजूंना हेच हवे होते, असे मला आज वाटते. सूचना मागे घेतली गेली.

त्या नियमाने काय मिळते याइतकेच तो कोठे थांबतो हेही आपण तितक्याच स्पष्टपणे सांगितले, आणि त्यासाठी मी आपला अधिक ऋणी आहे. त्या काळात घरातील एका लग्नाला जाण्याची माझी फार इच्छा होती. देशाबाहेर पडलो तर परत येताना अभ्यागत म्हणून प्रवेश मिळेलही, परंतु नवे परमिट मंजूर होईपर्यंत काम करता येणार नाही, हे आपण सांगितले आणि मी गेलो नाही. आपल्या बैठकीत त्याच टेबलावर माझ्याशेजारी सल्ल्यासाठी आलेले एक गृहस्थ बसले होते, ज्यांचे परमिट एकाच मालकाशी बांधलेले होते. त्यांनीही ओपन परमिटचा अर्ज केला होता व दुसरी नोकरी जवळजवळ ठरवली होती. त्या उपकलमाच्या आधारे काम करायचे तर निर्णय येईपर्यंत जुन्याच मालकाकडे, जुन्याच अटींवर राहावे लागेल, असे आपण त्यांना सांगितले तेव्हा ते नाराज झाले. परंतु माझ्या, कोणत्याही मालकाकडे चालणाऱ्या ओपन परमिटला लागू होणारे उत्तर त्यांना देणे म्हणजे त्यांचे नुकसानच झाले असते. तारीख चुकल्यास 90 दिवसांत तात्पुरत्या रहिवाशाचा दर्जा पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, मात्र तो मंजूर होईपर्यंत काम पूर्ण बंद ठेवावे लागते, हेही मी तेथेच ऐकले. सीमेवर जाऊन लगेच परमिट आणण्याचा जो जुना मार्ग मित्र सुचवत होते, तो आमच्यासारख्यांसाठी 23 डिसेंबर 2024 रोजी बंद झाल्याचेही आपल्याकडूनच कळले.

परवानाधारक सल्लागार असूनही आपण माझ्याकडून मानधन घेतले नाही आणि पुढेही घेणार नाही, असे ठामपणे सांगितले. म्हणून आपण सुचवलेले काम मी आनंदाने स्वीकारत आहे. पुढील बैठकीपासून येणाऱ्यांच्या कागदपत्रांच्या प्रती काढणे आणि परमिट व पासपोर्टच्या तारखा नोंदवून ठेवणे माझ्याकडे असेल. सल्ला अर्थातच आपणच द्यावा.

आपला ऋणी,
एक माजी वर्क परमिटधारक